टाकायचं पाणी

त्या वर्षी शकुंतलेला कुणी विचारलं असतं की, बाई, तुला काय पाहिजे, तर तिनं सोनंनाणं मागितलं नसतं. नवऱ्याचं आयुष्यसुद्धा बहुधा दुसऱ्या नंबरावर मागितलं असतं. आधी मागितली असती झोप. सलग चार तास, मध्ये कुणी न उठवता. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण ज्यानं वर्षभर आजारी माणूस सांभाळलाय त्याला हे समजेल.

नवरा, रेवणप्पा, म्युनिसिपालटीच्या पाणीखात्यात चावीवाला होता. गल्लीगल्लीतल्या नळांना पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं, हे त्याचं काम. लांब लोखंडी चावी सायकलला बांधून तो निघाला की बाळीवेशीतल्या बायका घागरी घेऊन दारात यायच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं लोकांच्या जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या भाकरी खाल्ल्या नसतील. त्याच दिवसांत त्याचं डोकं सारखं दुखायचं. उन्हानं दुखतंय म्हणून सुंठ उगाळून लावायची आणि कामावर जायचं, एवढाच इलाज. रक्तदाब नावाची चीज असते आणि ती गुपचूप माणसाची मूत्रपिंडं खाते, हे घरात कुणाला ठाऊक असणार? शकुंतला शाळेत मास्तरीण होती खरी, पण तिलाही नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्याचे पाय सुजले. तोंड सकाळी फुगलेलं असायचं. सायकल मारताना दम लागायला लागला आणि आडवं झोपलं की जीव घाबरा व्हायचा. तेव्हा कुठे ती त्याला नव्या पेठेतल्या कमलाकर डॉक्टरांकडे घेऊन गेली.

कमलाकर डॉक्टर तिरसट माणूस. गोड बोलणं त्यांच्या पिंडातच नव्हतं, पण खोटंही बोलायचे नाहीत. त्यांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

“हृदय वाढलंय,” ते म्हणाले.

“पण दुखणं तर मूत्रपिंडाचं म्हणालात,” शकुंतला म्हणाली. “मग छातीत कुठून आलं?”

डॉक्टरांनी रेवणप्पाकडे पाहिलं. “तुम्ही पाणीखात्यात ना? मग तुम्हीच सांगा. पुढची चावी बंद आहे आणि मागं पंप चालूच ठेवला, तर काय होईल?”

“पायपात दाब वाढंल,” रेवणप्पा म्हणाला. “मोटार तापंल. आन् तशीच चालू ठिवली तर जळंल.”

“बस्स. मूत्रपिंडं पाणी आणि मीठ बाहेर टाकत नाहीत. ते अंगात साठतं. रक्ताचा दाब चढतो. हृदय त्या दाबाविरुद्ध ढकलतंय, रात्रंदिवस. आधी जाड होतं, मग थकून सैल पडतं. पाणी फुफ्फुसात चढतं, म्हणून तुम्हाला आडवं होता येत नाही.”

मग त्यांनी पथ्य सांगितलं. मीठ बंद. पाणी दिवसाला चार फुलपात्री, त्यातच चहा आणि ताक. डाळ मोजकी. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. “भाजीतला एक क्षार पाण्यात उतरतो. तुमची मूत्रपिंडं तो बाहेर टाकू शकत नाहीत. रक्तात साठला तर हृदयाचे ठोके चुकायला लागतील आणि एखाद्या दिवशी थांबतील. मुंबईला रक्त धुण्याचं यंत्र आहे, पण ते आपल्या वाट्याला यायचं नाही. आपल्या हातात एवढंच आहे, ताई. ते पाणी टाका.”

घरी रेवणप्पाची आई होती, सारजाबाई. वळसंगची, माळवं म्हणजे भाजीपाला पिकवणारी बाई, सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण हातानं अजून खंबीर. रेवणप्पानं तिला पुढची चावी, मागची मोटार सगळं समजावलं. ती मन लावून ऐकत होती.

“म्हंजी मोटार दमलीया,” ती म्हणाली.

“व्हय आये.”

“मग तिला ताकद द्या की.”

रेवणप्पा हसला. शकुंतलाही हसली, कारण ती दमली होती आणि म्हातारीचं बोलणं गमतीचं वाटलं. त्या दिवशी हसण्याऐवजी समोर बसवून नीट समजावलं असतं तर, असं तिला पुढं पुष्कळदा वाटलं. पण वेळ गेल्यावर शहाणपण कुणालाही सुचतं.

सासूसुनेनं कामं वाटून घेतली. सकाळचं सगळं शकुंतला करायची आणि साडेदहाला शाळेला जायची. दुपारचं ताजं जेवण सारजाबाई करायची. भाजी उकळायची, पाणी टाकायचं, फडफडीत भाजी आणि ज्वारीची अळणी भाकरी त्याला वाढायची. संध्याकाळी आल्यावर शकुंतला दोन गोष्टी वहीत लिहायची, त्यानं किती पाणी प्यायलं आणि लघवी किती झाली. रात्री तो भिंतीला वळकटी लावून बसल्या बसल्या झोपायचा. तासा-दोन तासांनी घाबरून उठायचा. ती त्याची पाठ चोळायची, खिडकी उघडायची, तो शांत झाला की पडायची. डोळा लागतोय तोवर नळाची वेळ व्हायची. आता नळाला दुसराच कुणी पाणी सोडत होता, आणि तो म्हणे दहा मिनिटं उशीर करतो, हे रेवणप्पा रोज न चुकता सांगायचा.

एवढं करून गुण म्हणाल तर शून्य. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर त्याला काट्यावर उभा करायचे, वजन एका वहीत लिहून वही शकुंतलेकडे द्यायचे आणि काटा पुढंच गेलेला असायचा. लघवीच्या गोळ्या वाढवल्या. तरी घोट्यावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

मार्गशीर्षात डॉक्टर तिच्यावरच उखडले. “ताई, घरात पथ्य पाळलं जात नाही. हे मीठ आहे, दुसरं काही नाही. आणि ठोके मध्येच चुकतायत.”

“डॉक्टर, मी स्वतः डबे कुलपात ठेवते.”

“मग कुलपाला किल्ल्या दोन असतील,” डॉक्टर म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. महिनोन्महिने मर मर मरायचं आणि वर चोर ठरायचं. घरी येऊन तिनं रेवणप्पाच्या सदऱ्याचे खिसे हुंगले. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला विचारलं, हे भजी खायला येतात का. तो बिचारा म्हणाला, “बाई, त्येंना हितवर चालवतंय तरी का?” तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग पौषात, गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असताना, एका माजी नगरसेवकाचं निधन झालं आणि शाळा दुपारीच सुटली. शकुंतलेनं त्या गृहस्थांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या कृपेनं तासभर पडायला मिळेल, या आशेनं ती भरभर चालत घरी आली.

दार लोटलेलं होतं. आत रेवणप्पा भिंतीला टेकून बसला होता आणि सारजाबाई त्याला पदरानं वारा घालत होती. त्याच्या हातात पितळी वाटी होती. वाटीत हिरवट, पातळ काहीतरी वाफाळत होतं. वर लसणाची फोडणी तरंगत होती. शकुंतलेला घरात कित्येक महिन्यांत लसणीचा असा वास आला नव्हता.

“आज लौकर?” म्हातारी म्हणाली.

“हे काय आहे?” शकुंतलेनं विचारलं.

“कुटं काय. चाकवताचं येळवणी हाय.”

येळवणी म्हणजे शिजवून गाळलेलं पाणी. डाळीचं असो की भाजीचं, आपल्याकडे ते कुणी टाकत नाही. त्याची आमटी होते. पुरणाच्या दिवशी पोळीपेक्षा त्या आमटीवरच माणसं तुटून पडतात. सारजाबाईच्या उभ्या जन्मात तिनं येळवणी मोरीत ओतलं नव्हतं, आणि आता तर पोराची मोटार दमली होती.

“आन् मीठ?” शकुंतलेचा आवाज अगदी बारीक झाला.

“चिमूटभर गं. कुलपाची दुसरी किल्ली हाय माज्याकडं. अळणी कसं गिळंल त्यो?” मग म्हातारी जरा ओशाळली. “डागदर म्हणतोय टाका. त्येला काय कळतंय सैपाकातलं? सगळं सत्त्व पाण्यात उतरतंय. चोथा पोराला घालायचा आन् सत्त्व मोरीला? आन्न हाय त्ये, शकू. टाकवंना मला.”

शकुंतला नवऱ्याकडे पाहत राहिली. तो वाटीत पाहत होता. तिनं वाटी काढून घेतली, मोरीशी गेली आणि ओतली. ओरडायला लागणारी ताकदच तिच्यात नव्हती.

संध्याकाळी सारजाबाई देवळात गेली तेव्हा तिनं विचारलं, “कधीपासून?”

“पैल्यापासनं,” रेवणप्पा म्हणाला.

“तुमाला ठावं हुतं? ह्या पाण्यानं काय हुतंय त्ये?”

“डागदरानं माज्याम्होरंच सांगितलं की.”

“आन् तरी प्यालात?” आता मात्र ती चिडली. “मी हितं रात रात जागतीया. डॉक्टरच्या शिव्या खातीया. तुमच्या सदऱ्याचे खिसे हुंगले मी, कुत्र्यागत. आन् तुमी जिभंसाठी…”

“जिभंसाठीबी प्यालो,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पयल्या दिवशी मिठाची चव लागली तर डोळ्यात पाणी आलं माज्या. पर नंतर…” त्याला दम लागला. तो थोडा थांबला. “भीमाचं तुला ठावं न्हाय.”

भीमा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. लहानपणी वारला, एवढंच शकुंतलेला ठाऊक होतं.

“हगवण लागली हुती त्येला. आट वर्साचा हुता. वैद्यानं सांगितलं, पाणी देऊ नगंस, पाणी दिलंस तर जाईल. आयेनं दिलं न्हाय. दोन दिस त्यो पाणी पाणी करत हुता. मी त्येच्या बाजूलाच निजलो हुतो. घागर भरल्याली, आन् ही घागरीवर हात ठिवून बसल्याली. म्होरं दुसरा वैद्य म्हणाला, पाणी न दिल्यानंच गेला त्यो.”

बाहेर नळाला पाणी आलं होतं, घागरींचा आवाज येत होता.

“आता ती वाटी घिऊन माज्याम्होरं बसती,” रेवणप्पा म्हणाला. “मी पितो तवा तिचं त्वांड बघ कदी. मला न्हाय म्हणवलं न्हाय, शकू. आता तिला सांगू नगं. एका पोराला न देऊन मारलं आन् दुसऱ्याला देऊन, आसं कळलं तर ती म्हातारी कुटं जाईल?”

“आन् मी कुटं जाऊ?” शकुंतला म्हणाली.

त्यानं तिचा हात धरला. त्याची बोटं सुजून जाड झाली होती. लग्नातली अंगठी कधीच कापून काढली होती. तिला त्याचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम येणं फार थकवणारं असतं. शेवटी ती म्हणाली, “न्हाय सांगत. पर उद्यापासनं चूल माझी.”

दुसऱ्या दिवसापासून ती चार वाजता उठायला लागली. दुपारच्या भाज्या पहाटेच चिरून, उकळून, पाणी मोरीत ओतून मोकळी व्हायची. मिठाची बरणी पिशवीत घालून शाळेत न्यायची. बरोबरच्या बाई विचारायच्या, “अहो, डब्यात मीठ कमी पडतं का तुमच्या?” ती हसून वेळ मारून न्यायची.

सारजाबाईला कारण सांगितलं नाही, नुसतं “डॉक्टरांनी सांगितलंय” एवढंच. म्हातारी दोन दिवस गप्प बसली. तिसऱ्या दिवशी ती पहाटे चारलाच उठून मोरीशेजारी येऊन बसली. शकुंतलेनं पातेलं उचललं.

“अर्धी वाटी तरी ठेव गं.”

“न्हाय, आत्या.”

पाणी हिरवं, दाट होतं. ते ओतलं तसं म्हातारीनं तोंड फिरवलं. पुढं ती रोज यायची आणि रोज मागायची, आणि शकुंतला रोज ओतायची. मग सारजाबाई गल्लीत सांगायला लागली. शिकलेली सून आहे, अन्नाचं सत्त्व गटारीला घालते, माझ्या पोराला चोथ्यावर ठेवते. बायकांच्या नजरा बदलल्या. नळावर शकुंतला गेली की बोलणं थांबायचं. एकीनं तर तोंडावर विचारलं, “मास्तरीणबाई, नवऱ्याची नोकरी बायकूला मिळती का वो म्युनिसिपालटीत?” शकुंतलेनं घागर भरली आणि घरी आली. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य तिचं राहिलं नव्हतं, तिनं ते देऊन टाकलं होतं.

आणि गुण आला. माघात काटा मागं सरकला. तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरलं, पाण्याचंच. घोट्यांना घोट्यांचा आकार आला. डॉक्टरांनी नळी छातीवर ठेवून बराच वेळ ऐकलं. “ठोके सरळ पडतायत,” ते म्हणाले. “काय केलंत?”

“दुसरी किल्ली सापडली,” शकुंतला म्हणाली.

डॉक्टरांनी पुढं विचारलं नाही. तिला दाराशी गाठून एवढंच बोलले, “ताई, फार आशा धरू नका. मूत्रपिंडं परत यायची नाहीत. आणि इतके महिने ताणलेलं हृदय पहिल्यासारखं होत नाही. पण जे दिवस मिळतील ते त्याला श्वास घेता येईल असे मिळतील.”

त्या आठवड्यात एका रात्री रेवणप्पानं वळकटी बाजूला सारली आणि तो आडवा झाला. सपाट, उशीवर डोकं ठेवून. शकुंतला वाट पाहत बसली, आत्ता उठेल, मग उठेल. तो घोरायला लागला. मग तीही झोपली, आणि जाग आली तेव्हा उजाडलं होतं. सारजाबाई मोरीशी वाट बघत बसून होती. भाज्या चिरायच्याच राहिल्या होत्या. त्या दिवशी शकुंतला शाळेत उशिरा पोचली आणि हेडमास्तर बोलले, तरी तिला काही वाटलं नाही.

असे दोन महिने मिळाले. तो कट्ट्यावर येऊन बसायला लागला, नव्या चावीवाल्याला बोलावून कुठली चावी किती फेरे उघडायची ते शिकवायला लागला. चैत्रात एका रविवारी सकाळी नळाला पाणी आलं. तो आतूनच म्हणाला, “आज दाब चांगला हाय.” शकुंतला घागर लावून आत आली तेव्हा तो भिंतीला मान टेकून बसला होता, आणि श्वास चालत नव्हता. घागर भरून वाहत राहिली. नळ बंद करायला कुणाला सुचलं नाही.

पाचव्या दिवशी मंद्रूपहून नणंद बजाबाई आली. दारातच तिनं आईला मिठी मारली. घर बायकांनी भरलेलं होतं. सारजाबाई इतके दिवस रडली नव्हती, जेवलीही नव्हती. लेकीला पाहून तिचा बांध फुटला.

“भीमाला म्या पाणी दिलं न्हाय, त्यो गेला,” ती म्हणाली. “ह्येला देत हुते, बजा. रोज वाटीभर देत हुते. हिनं हातातनं काढून घेतली.”

बायका शकुंतलेकडे बघायला लागल्या. बजाबाईही बघायला लागली. फळीवर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात डॉक्टरांची वही होती. त्यात वजनांचे आकडे होते, येळवणी चालू असतानाचे आणि बंद झाल्यावरचे. वाचता येणाऱ्या कुणालाही दोन मिनिटांत उमगले असते. शकुंतला उठली. डब्याला हात न लावता खालची तांदळाची परात ओढून ती चुलीशी गेली. आपण निर्दोष आहोत हे सांगण्याची इतकी भूक लागू शकते हे तिला त्या दिवशी कळलं.

दिवस झाले, पाहुणे गेले. सारजाबाई पाण्याच्या घोटावरच होती. भाकरी समोर ठेवली की सरकवून द्यायची. शेवटचा पाहुणा गेला त्या संध्याकाळी शकुंतलेनं चाकवत आणला, चिरला, उकळला. पातेलं उचलून ती सवयीनं मोरीकडे वळली आणि मध्येच थांबली. मग तिनं ते पाणी गाळून घेतलं, लसणाची फोडणी दिली, मीठ घातलं. पितळी वाटी घासून पुसून त्यात ओतलं आणि सासूपुढे ठेवलं.

म्हातारी वाटीकडे पाहत राहिली. नंतर दोन्ही हातांनी उचलून तिनं तोंडाला लावली. एकेक घोट घेत सगळी संपवली. पदरानं तोंड पुसलं.

“चव आलीया,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, न रागावता, नुसतीच दमून म्हणाली, “एवढंच त्येला दिलं असतंस, शकू, तर आज आसता त्यो.”

“व्हय, आत्या,” शकुंतला म्हणाली, आणि तिनं वाटी पुन्हा भरली.